गोळा पायात, उपाय सरावात

पळताना पोटरीत गोळा आला की सगळ्यात आधी थांबा. दात-ओठ खाऊन तसंच पुढे रेटलंत तर आकसून बसलेल्या स्नायूचे तंतू फाटू शकतात आणि चार मिनिटांत सुटणारं दुखणं महिनाभर पुरतं. रस्त्याच्या कडेला या. भिंत, विजेचा खांब, दुभाजकाचा कठडा, जे हाताशी असेल ते दोन्ही हातांनी धरा. दुखरा पाय मागे न्या, गुडघा सरळ ठेवा, टाच जमिनीला टेकवा आणि सावकाश पुढे झुका. पोटरी ताणली जाताना कळ येईल, ती येऊ द्या, पण झटके देऊ नका. वीस-तीस सेकंद तसेच राहा आणि श्वास चालू ठेवा. गोळा सुटल्यासारखा वाटला तरी लगेच ताण काढू नका. पाय सैल सोडला की तो पुन्हा धरतो, हा बहुतेकांचा अनुभव आहे.

मांडीच्या मागच्या बाजूला गोळा आला असेल तर टाच फूटपाथच्या कडेवर ठेवा, गुडघा सरळ, आणि पाठीला बाक न काढता कंबरेतून पुढे वाका. पुढच्या बाजूला आला असेल तर एका हाताने आधार धरून दुसऱ्या हाताने घोटा पकडा आणि टाच मागे वर ओढून घ्या. इथे जपून. टाच वर ओढताना मांडीचा मागचा स्नायू आखडता होतो आणि दमलेल्या पायात तेवढं निमित्त पुरतं: पुढचा गोळा सुटता सुटता मागे धरतो. म्हणून घोटा हळू ओढायचा, मध्येच थांबत. आणि शक्यतो हे सगळं उभ्यानेच करा. खाली बसलात तर उठताना दुसरा पाय धरण्याची भीती असते.

सोबत कोणी असेल आणि पळणारा आडवाच झाला असेल, तर मदत करणाऱ्याने एक हात गुडघ्यावर ठेवून पाय सरळ करावा, दुसऱ्या हाताने चवडा धरावा आणि पाऊल नडगीकडे सावकाश रेटावं. गोळ्यावर अंगठ्याने जोर काढून मळू नये. हलका हात फिरवला तर बरं वाटतं, तेवढं पुरे. स्पर्धेत स्वयंसेवक वेदनाशामक स्प्रे मारतात. त्याने कातडी गार पडते आणि धीर येतो, पण गोळा सुटतो तो ताणल्याने.

मग दोन-तीन मिनिटं चाला, त्यानंतर अगदी सावकाश पळायला लागा. ज्या गतीवर गोळा आला त्या गतीवर त्या दिवशी परत जायचं नाही. तो स्नायू आता तयारच बसलेला असतो. पोटरीत सूक्ष्म फडफड होते, कातडीखाली काहीतरी लवल्यासारखं दिसतं, मांडीला मागून कोणी चिमटा काढल्यासारखं वाटतं, या सगळ्या पूर्वसूचना आहेत. त्या ओळखून तिथेच गती उतरवली तर पुष्कळदा पूर्ण गोळा येतच नाही. पहिल्या फडफडीला पावलं लहान करणारे शेवटी वेळ वाचवतात.

हे झालं तातडीचं. खरं काम मात्र त्याआधी तीन-चार महिने सुरू व्हायला हवं, आणि ते आपल्याकडे फार कमी लोक करतात. त्याला कारण आहे. गोळा आला की आजूबाजूचे एकमुखाने सांगतात: पाणी कमी पडलं, मीठ कमी पडलं, केळं खा. हा सल्ला इतका रुळलेला आहे की त्यापलीकडे बघायची गरजच कोणाला वाटत नाही. पळणारा पुढच्या वेळी दोन बाटल्या जास्त पाणी पितो, मिठाच्या गोळ्या घेतो आणि बत्तिसाव्या किलोमीटरला पुन्हा कठड्याला धरून उभा असतो.

मिठाचा सल्ला निराधार नाही. 1920च्या दशकात ब्रिटनमधल्या कोळशाच्या खोल, तापलेल्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांना आणि आगबोटींच्या भट्ट्यांवर कोळसा ओढणाऱ्या खलाशांना असे गोळे येत. ही माणसं तासन् तास घाम गाळून वर नुसतं पाणी पीत. त्यांच्या पाण्यात मीठ घातलं तेव्हा त्रास कमी झाला. ते निरीक्षण त्या माणसांपुरतं बरोबर होतं. पुढे ते जसंच्या तसं धावपटूंना लावलं गेलं आणि तिथेच बसलं.

आता थोडा विचार करून बघा. मीठ कमी झालं तर ते रक्तात कमी होतं, आणि रक्त तर सगळ्या शरीरात तेच फिरतं. मग गोळा फक्त उजव्या पोटरीतच का? हाताच्या दंडात, मानेत, पाठीत का नाही? आणि पोटरी अर्धा मिनिट ताणून धरली की गोळा सुटतो, तेव्हा अंगात मिठाचा एक कणही गेलेला नसतो. हे प्रश्न दक्षिण आफ्रिकेतले क्रीडावैद्यक मार्टिन श्वेल्नस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गांभीर्याने घेतले आणि 1997 साली वेगळी मांडणी केली. त्यांचं म्हणणं असं की गोळ्याचं मूळ दमलेल्या स्नायूच्या आणि त्याला हुकूम देणाऱ्या मज्जातंतूंच्या बिघडलेल्या ताळमेळात आहे.

स्नायूत ताणाची बातमी देणारी दोन प्रकारची यंत्रणा असते. एक स्नायूच्या पोटात, ती ताण जाणवला की ‘आकुंचन पाव’ असा निरोप मज्जारज्जूकडे पाठवते. दुसरी स्नायू जिथे हाडाला जोडला जातो त्या कंडरेत, ती ओढ जास्त झाली की ‘सैल हो’ म्हणते. स्नायू ताजा असतो तेव्हा दोघींचा तोल राहतो. तो थकला की पहिली जास्त बोलायला लागते आणि दुसरी गप्प होते. एक्सिलरेटर दाबलेला आणि ब्रेक लागत नाही, अशी ती स्थिती. स्नायू आखडलेल्या अवस्थेत काम करत असेल तर कंडरेवर ओढ आणखी कमी, म्हणून ब्रेक आणखी सैल. रात्री चादरीखाली पाय लांब करून चवडा पुढे ताणला की पोटरीत गोळा येतो, त्यामागेही हेच असतं. आणि ताणून धरल्यावर गोळा का सुटतो याचं उत्तरही यातच आहे: ताणल्याने कंडरेवर ओढ येते, तिथली यंत्रणा जागी होते आणि मज्जारज्जूला आवरतं घ्यायला सांगते.

या मांडणीच्या बाजूने पुढे बरीच निरीक्षणं आली. 2011 साली त्याच गटाने 210 आयर्नमॅन ट्रायथलॉनपटूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. गोळे आलेल्यांच्या आणि न आलेल्यांच्या शरीरातल्या पाण्यात किंवा रक्तातल्या सोडियममध्ये गोळ्यांचा उलगडा होईल असा फरक सापडला नाही. फरक सापडला तो दोन गोष्टींत. गोळे आलेल्यांना आधीही गोळे आलेले होते, आणि ते जास्त वेगाने पळत होते. नंतर स्पेनमधल्या वॅलेन्सिया मॅरेथॉनच्या धावपटूंची शर्यतीआधी आणि नंतर तपासणी झाली. तपासलेल्यांपैकी 84 जणांनी शर्यत पुरी केली, त्यातल्या 20 जणांना गोळे आले. पाण्याच्या आणि क्षारांच्या हिशेबात दोन्ही गट सारखेच निघाले. गोळे आलेल्यांच्या रक्तात स्नायूंची झीज दाखवणारे घटक मात्र जास्त होते. आणि पायांच्या ताकदीचे व्यायाम नियमित करणारे न आलेल्यांच्या गटात जवळजवळ निम्मे होते, आलेल्यांच्या गटात चौथाई.

मला या शेवटच्या आकड्यांचं महत्त्व सगळ्यात जास्त वाटतं, कारण ते आपल्या हातातलं काही सांगतात. स्नायूची तयारी ज्या कामासाठी झालेली नाही ते काम त्याच्याकडून मागितलं की तो धरतो. तेव्हा तयारी कुठे कमी पडते ते शोधायचं.

पहिली जागा गतीची. आमच्या धावण्याच्या गटात शाळेत शिकवणाऱ्या एक बाई आहेत. त्यांना लागोपाठ शर्यतींत डाव्या पोटरीत गोळा यायचा. त्या वही ठेवणाऱ्या. तारीख, अंतर, वेळ, काय खाल्लं, कुठे दुखलं, सगळं शाळेच्या हजेरीपटासारखं आखून लिहिलेलं. ती वही आम्ही पसरून बसलो तेव्हा मिठाचा रकाना काही सांगेना. गतीचा रकाना सांगू लागला. त्यांना मॅरेथॉन साडेचार तासांत करायची होती, म्हणजे किलोमीटरला सुमारे सहा मिनिटं चोवीस सेकंद. रविवारची लांब पळणी मात्र त्या साडेसात मिनिटांच्या गतीने करत, गप्पा मारत. आणि शर्यतीच्या दिवशी गर्दीच्या जोरावर पहिले दहा किलोमीटर सहा मिनिटांच्या आसपास निघून जात. त्या गतीचं दीर्घ काम त्यांच्या पोटऱ्यांना सरावात एकदाही मिळालेलं नव्हतं. मग एक रविवार सोडून एक रविवार, लांब पळणीचा शेवटचा भाग शर्यतीच्या गतीने, असा बदल केला. सुरुवातीला शेवटचे पाच किलोमीटर, वाढवत बारापर्यंत. दमलेल्या पायांनी त्या गतीची ओळख करून घ्यायची हा त्यातला हेतू. शर्यतीत पहिले दहा किलोमीटर ठरवलेल्या गतीपेक्षा किंचित हळू पळायचे, हे त्यांना सगळ्यात अवघड गेलं. पण तेच सगळ्यात उपयोगी पडलं.

तुमच्याकडे वही नसेल तर आजपासून ठेवा. गोळा कितव्या किलोमीटरला आला, कोणत्या स्नायूत, तोवरची गती किती होती, आदला आठवडा कसा गेला, झोप किती झाली, बूट नवे होते का, एवढं पुरतं. तीन-चार नोंदी झाल्या की त्यातून काहीतरी वर येतंच.

दुसरी जागा चढ-उताराची. मुंबई मॅरेथॉनच्या परतीच्या वाटेवर पेडर रोडचा चढ लागतो, तो पूर्ण मॅरेथॉनवाल्यांच्या पायात तीसेक किलोमीटर मुरल्यावर. चढावर चवड्यावर भार येतो आणि पोटरी दर पावलाला जास्त जोराने आकुंचन पावते. ज्याने मरीन ड्राइव्हच्या सपाट रस्त्यावरच सगळा सराव केला त्याला तिथे गोळा आला तर नवल नाही. साताऱ्याच्या हिल हाफ मॅरेथॉनचं गणित उलटं. यवतेश्वरचा घाट चढताना दम लागतो, पण मांड्या धरतात त्या परतीच्या उतारावर. उतारावर मांडीचा पुढचा स्नायू लांबत असतानाच शरीराचं ओझं तोलून धरतो, आणि अशा कामाने स्नायूची झीज सर्वाधिक होते. म्हणून शर्यतीचा रस्ता आधी बघून घ्या आणि सरावात तसाच चढ किंवा उतार शोधा. पुण्यात टेकड्या आहेत, नाशकात पांडवलेणीचा परिसर आहे. सपाट गावात राहणाऱ्याला उड्डाणपूल चालतो, पहाटे वाहनं नसताना. उतारावर पळायचा सराव आठवड्यातून एकदा, थोडा थोडा वाढवत. पहिल्या दोन वेळा मांड्या भरून येतील, नंतर त्या शिकतात.

तिसरी जागा ताकदीची, आणि इथे मी जरा थांबणार आहे, कारण इथेच सगळ्यात जास्त टाळाटाळ होते. पळणाऱ्यांना पळायचं असतं, व्यायाम नको असतो. पण पोटरीसाठी जिन्याची एक पायरी पुरते आणि दहा मिनिटं पुरतात. खालच्या पायरीवर चवड्यांवर उभे राहा, टाचा पायरीच्या बाहेर, एक हात कठड्यावर. दोन्ही पायांनी वर उचला. आता एक पाय सोडा आणि दुसऱ्या एकट्या पायाने टाच सावकाश, मनात चार आकडे मोजत, पायरीच्या पातळीखाली उतरवा. तळाशी पोटरी पूर्ण ताणली जायला हवी. पुन्हा दोन्ही पायांनी वर. बारा ते पंधरा वेळा एका पायाने, मग दुसऱ्या. हे गुडघा सरळ ठेवून झालं की तेच गुडघा थोडा वाकवून करा. पोटरीत वरचा एक आणि त्याच्या खाली दुसरा असे दोन स्नायू आहेत. गुडघा वाकवला की खालच्यावर भार जातो, आणि दीर्घ पळण्यात त्या खालच्याचं काम मोठं असतं. तीन फेऱ्या, आठवड्यातून दोनदा. महिनाभराने सोपं वाटायला लागलं की पाठीवर सॅक घ्या, आत पाण्याच्या बाटल्या.

यात घाईने वर-खाली करणारे पुष्कळ दिसतात. त्यांची मोजणी भरते, पण लाभ कमी होतो. उतरण्याचा भाग सावकाश करणं हाच या व्यायामाचा गाभा आहे. ताणलेल्या अवस्थेत भार पेलायला स्नायूला यातच शिकवलं जातं.

मांडीच्या मागच्या स्नायूसाठी सेतुबंधासन ज्यांना येतं त्यांनी त्यात छोटा फरक करावा: टाचा नितंबांपासून लांब ठेवाव्यात, जेणेकरून गुडघे थोडेच वाकलेले राहतील, आणि कंबर वर उचलल्यावर एक पाय जमिनीवरून सोडावा. दहा सेकंद धरा, पाय बदला. पुढच्या मांडीसाठी आपल्या तालमीतल्या बैठका उत्तम आहेत, फक्त खाली जाताना वेळ घ्या. सूर्यनमस्कार घालत असाल तर जरूर घाला, अंग मोकळं राहतं. पण पोटरीवर लागतो तेवढा भार त्यात येत नाही, त्यामुळे पायरी सोडू नका. शर्यतीच्या आधीच्या दहा दिवसांत मात्र जड व्यायाम थांबवा. दुखरे पाय घेऊन उभं राहणं म्हणजे गोळ्याला आमंत्रण.

पळणीआधी ताणण्याचे व्यायाम केल्याने गोळे टळतात का, असं नेहमी विचारलं जातं. तसा पुरावा नाही. पाच-दहा मिनिटं चालून आणि हळू पळून अंग गरम करणं जास्त कामाचं. रात्री गोळे येणाऱ्यांनी झोपण्यापूर्वी पोटरी आणि मांडीचा मागचा भाग ताणून झोपावं, त्याचा फायदा होतो, आणि पांघरुणाचा भार पावलांवर येऊ देऊ नये.

आता पाणी आणि मीठ. गोळ्याचं मूळ थकव्यात आहे म्हणून पाण्याकडे दुर्लक्ष करायचं असं नाही. पाणी फार कमी पडलं की माणूस लवकर थकतो, आणि कोकणपट्टीत, विशेषतः ऑक्टोबरच्या उकाड्यात, घाम वाळतच नाही, नुसता निथळतो. तुमचा घाम किती हे घरच्या वजनकाट्यावर कळतं. पळायला जाण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, तासभर पळा, परत येऊन अंग पुसून पुन्हा वजन करा. 62 किलोचे 61.2 झाले आणि वाटेत 300 मिलिलिटर पाणी प्यायला असाल, तर घाम सुमारे 1.1 लिटर गेला. हे पावसाळ्यात एकदा आणि ऑक्टोबरात एकदा करून बघा, आकडे वेगळे येतील. गेलेला सगळा घाम पळता पळता भरून काढायची गरज नसते. तहानेनुसार थोडं थोडं पीत राहा.

जास्त पाणी पिणं धोक्याचं आहे, हे ठासून सांगायला हवं. 2002 सालच्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये 488 धावपटूंच्या रक्ताची तपासणी झाली, तेव्हा 13 टक्क्यांच्या रक्तात सोडियम घातक दिशेने उतरलेलं आढळलं. ज्यांचं वजन शर्यतीत कमी होण्याऐवजी वाढलं होतं, त्यांच्यात हे प्रमाण मोठं होतं. म्हणजे ते घामापेक्षा जास्त प्यायले होते. चार-पाच तास किंवा त्याहून अधिक वेळ घेणाऱ्यांना ही भीती जास्त, कारण दर टेबलाशी थांबून ग्लास घ्यायला त्यांच्याकडे वेळ असतो. बोटं सुजून अंगठी घट्ट होणं, मळमळ, डोकं दुखणं, बोलण्यात गोंधळ, अशी लक्षणं दिसली तर आणखी पाणी पाजू नका, वैद्यकीय तंबूत न्या.

मिठाबाबत माझा सल्ला असा. पळून आल्यावर काळ्या टी-शर्टवर किंवा टोपीच्या कडेला पांढरे पट्टे उमटत असतील तर तुमच्या घामात मीठ जास्त जातं. अशा माणसाने दोन तासांपेक्षा लांब पळणीत ओआरएस जवळ ठेवावं, पाकिटावर लिहिलेल्या मापाच्या पाण्यातच कालवलेलं. घरी करायचं तर एक लिटर पाण्याला सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, हवं तर लिंबू पिळून. चमचा चहाचा. ज्यांना रक्तदाबाचा किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय मीठ वाढवू नये. क्वचित कोणाला उन्हात तासन् तास पळून एकाच वेळी दोन्ही पाय, पोट, हाताची बोटं अशा अनेक ठिकाणी गोळे येतात. तिथे मिठाचा विचार खरोखर करायला हवा, खाणीतल्या मजुरांसारखाच तो प्रकार असू शकतो.

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम थोडं असतं, आणि घामातून जातं ते मुख्यतः सोडियम. पळून आल्यावर शहाळं जरूर प्या, पण त्यावर मिठाची भिस्त ठेवू नका. केळ्याचंही तसंच. ते खाऊन रक्तातलं पोटॅशियम किंचित वाढायलाही अर्धा-एक तास जातो, तोवर गोळा येऊन गेलेला असतो. केळं खायचं ते त्यातल्या साखरेसाठी. स्नायूतला साठा संपत आला की थकवा झपाट्याने येतो. त्यामुळे दीड तासानंतर दर तासाला 30 ते 60 ग्रॅम कर्बोदकं पोटात जायला हवीत. जेल चालतं, खजूर चालतो, राजगिऱ्याची चिक्की चालते. पोटाला मानवतं का ते रविवारीच ठरवा, शर्यतीच्या दिवशी नवीन काही नको.

काकडीच्या परदेशी लोणच्याचं पाणी, म्हणजे व्हिनेगर आणि मीठ घातलेलं, प्यायल्याने गोळा लवकर सुटतो असं ऐकलं असेल. त्यात तथ्य आहे. 2010 साली अमेरिकेत झालेल्या प्रयोगात विजेचा सौम्य धक्का देऊन पायाच्या अंगठ्याच्या स्नायूत गोळा आणला, आणि हे पाणी प्यायलेल्यांचा गोळा साध्या पाण्यापेक्षा लवकर सुटला. पोटातून रक्तात काही जाण्याच्या आतच तो सुटला होता, म्हणजे तोंडा-घशातल्या मज्जातंतूंवरच आंबट-खारट चवीचा परिणाम झाला असावा. हाताशी असेल तर घोटभर घ्या. आपलं तेलमोहरीचं लोणचं शर्यतीत खाऊ नका.

आता औषधांची बाब थोडक्यात. मॅग्नेशियमच्या गोळ्या सर्रास घेतल्या जातात. वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या 2020च्या आढाव्यात वयस्कर लोकांना येणाऱ्या गोळ्यांवर त्यांचा म्हणावा असा उपयोग दिसला नाही, आणि व्यायामात येणाऱ्या गोळ्यांवर तशी काटेकोर चाचणी तेव्हा उपलब्धच नव्हती. क्विनीनपासून लांब राहा, पायातल्या गोळ्यांसाठी ते घेऊ नये असा इशारा अमेरिकेच्या औषध नियामकांनी दिलेला आहे. पळताना किंवा पळण्याआधी आयबुप्रोफेनसारख्या वेदनाशामक गोळ्या घेणं मूत्रपिंडांवर ताण आणतं, तेव्हा तेही नको. कोलेस्टेरॉलसाठीची स्टॅटिन औषधं किंवा लघवी वाढवणारी रक्तदाबाची औषधं चालू असतील आणि गोळे नव्याने सुरू झाले असतील तर डॉक्टरांना सांगा. आपल्या मनाने औषध बंद करू नका. थायरॉइडची तपासणीही अशा वेळी करून घ्यावी.

गोळा येऊन गेल्यावर स्नायू एक-दोन दिवस दुखतो. त्या दिवसांत चालणं, सायकल, पोहणं चालेल. पायऱ्या चढताना-उतरताना दुखणं थांबलं की सपाटीवर अर्धा तास सावकाश पळा, आणि ती पळणी निर्वेध गेली तरच नेहमीचा आराखडा सुरू करा. तीन-चार दिवसांनंतरही एकाच बिंदूवर बोट ठेवल्यावर कळ येत असेल किंवा तिथे काळंनिळं पडलं असेल, तर स्नायू फाटला असण्याची शक्यता आहे. फिजिओथेरपिस्टला दाखवा.

काही लक्षणांना वाट बघायची नसते. एकच पोटरी सुजून गरम लागते आणि दुखणं बसूनही जात नाही, तर रक्तवाहिनीत गुठळी आहे का हे त्याच दिवशी तपासून घ्यायला हवं. शर्यतीनंतर लघवी कोऱ्या चहासारखी गडद झाली, तर स्नायूंची झीज मूत्रपिंडांना जड जात आहे. तेव्हा थेट रुग्णालय.

आणि एक गोष्ट विदर्भातल्या व खानदेशातल्या वाचकांसाठी, विशेषतः पोलीस भरतीच्या 1600 मीटरसाठी मुलांना तयार करणाऱ्या प्रशिक्षकांसाठी. गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार या जिल्ह्यांत सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचं प्रमाण मोठं आहे. ज्यांच्यात त्याचं फक्त एक जनुक आहे ती मुलं एरवी ठणठणीत असतात आणि त्यांनी पळायला हरकत नाही. पण तयारी नसताना, उन्हात, एकदम पूर्ण जोराने पळवलं तर त्यांच्यापैकी एखाद्याचे पाय सुरुवातीच्या काही मिनिटांतच निकामी होऊ शकतात. बघणाऱ्याला ते गोळ्यासारखं वाटतं. फरक हात लावल्यावर कळतो. गोळ्यात स्नायू दगडासारखा घट्ट होतो आणि माणूस कळवळतो. इथे स्नायू हाताला मऊच लागतो, दुखण्यापेक्षा अशक्तपणा जास्त असतो, मुलगा हळूहळू खाली बसतो आणि त्याला उठवत नाही. त्याला ‘उठ, पळ’ म्हणून दामटू नका. सावलीत झोपवा, रुग्णवाहिका बोलवा, ऑक्सिजन मिळेल अशा ठिकाणी हलवा आणि सिकलसेलची शंका डॉक्टरांना स्वतःहून सांगा. प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात थेंबभर रक्तावर होते आणि तीत दोष दिसला तर पुढची चाचणी करून खात्री करतात. भरतीचा सराव सुरू करण्याआधी प्रत्येक मुलामुलीची ती करून घ्या.